कण्याची वक्रता आणि सूचिचिकित्सा

सूचिचिकित्सा अर्थात ॲक्युपंक्चर या उपचारपद्धतीस महाराष्ट्रात आता कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे. 'महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५' अन्वये राज्यात या पद्धतीसाठी स्वतंत्र परिषदेची तरतूद करण्यात आली असून चिकित्सकांची नोंदणी हे तिचे एक प्रमुख काम आहे. पश्चिम बंगालने असा कायदा १९९६ मध्येच केला होता. केंद्र शासनाने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून अनुमती दिली आणि २०१९ मध्ये तिला स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली. परंतु शासनमान्यता मिळते ती पद्धतीला. त्या पद्धतीच्या नावाने केल्या जाणाऱ्या प्रत्येक दाव्याला ती मिळत नसते. कोणत्या विकारात सुईचा उपयोग होतो, किती होतो आणि कोठे मुळीच होत नाही, हे प्रत्येक विकारापुरते वेगळे तपासून पाहावे लागते.

पाठीचा कणा एका बाजूस वळणे, ज्यास वैद्यकशास्त्रात स्कोलिओसिस म्हणतात, हा विकार या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. पाठीची वेदना ही एक गोष्ट, व कण्याचा बाक ही दुसरी. पहिलीवर सुईचा काही परिणाम होऊ शकतो. दुसरीवर होतो असे मानण्यास आज पुरेसा आधार नाही. प्रौढ माणसाच्या बाबतीत ही गल्लत झाली तर फार तर पैसा व वेळ खर्ची पडतो. वाढत्या वयाच्या मुलीच्या बाबतीत मात्र जे महिने हातचे जातात ते पुन्हा मिळत नाहीत. शाळेतील शिक्षक, आरोग्य कर्मचारी व पंचायतीचे सभासद यांच्यापर्यंत हा फरक पोहोचणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वक्रता म्हणजे नेमके काय?

निरोगी माणसाचा कणा पाठीमागून पाहिला असता सरळ उभ्या रेषेत दिसतो. बाजूने पाहिल्यास मात्र त्यास मान, पाठ व कंबर येथे स्वाभाविक वळणे असतात. स्कोलिओसिसमध्ये कणा डावीकडे वा उजवीकडे झुकतो आणि त्याच वेळी त्याचे मणके स्वतःभोवती काहीसे फिरतात. मणक्यांबरोबर बरगड्याही फिरतात. त्यामुळे पाठीच्या एका बाजूस उंचवटा दिसू लागतो, एक खवाटा अधिक बाहेर येतो, एक खांदा वर राहतो, व कंबरेची एक बाजू सपाट तर दुसरी खोल भासते. ग्रामीण भागात यालाही 'कुबड' म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः कुबड म्हणजे कण्याचा पुढे-मागे पडलेला बाक. त्याची कारणे पुष्कळदा वेगळी असतात, आणि त्यांत मणक्याचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे.

कण्याची वक्रता काही मुलांमध्ये जन्मजात असते. मणकाच अर्धवट घडलेला किंवा दोन मणके एकमेकांस जुळलेले असतात. काही मुलांत ती स्नायू वा मज्जातंतूंच्या आजारामुळे उद्भवते. पोलिओने स्नायू लुळे पडून कणा झुकलेली माणसे जुन्या पिढीत आजही आढळतात. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये नोंदला गेल्यानंतर हे कारण नव्या पिढीपुरते उरलेले नाही. मात्र दहा वर्षांवरील मुलांत आढळणाऱ्या वक्रतेपैकी सुमारे ८० टक्के वक्रतेचे कारण सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा भाग त्यात आहे एवढे निश्चित झालेले आहे. दप्तराचे ओझे, बाकावर वाकडे बसणे, एका कुशीवर झोपणे यांमुळे हा विकार होतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, हे धोरण पाठदुखीच्या दृष्टीने योग्यच आहे. पण जड दप्तराने कणा वाकला असे सांगून आईबापांस अपराधी ठरविणे योग्य नव्हे. मुलीला 'नीट उभी राहा' म्हणून रागावण्यानेही काही साधत नाही. ती आपल्या मर्जीने वाकडी उभी राहत नसते.

वक्रतेचे मोजमाप क्ष-किरण चित्रावर करतात. वळणाच्या वरच्या व खालच्या टोकांचे सर्वाधिक कललेले मणके निवडून त्यांच्या पृष्ठभागांस समांतर रेषा काढावयाच्या व त्या रेषांमधील कोन मोजावयाचा. न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये ही रीत रूढ केली. म्हणून तिला 'कॉब कोन' म्हणतात. दहा अंशांहून कमी कोनास स्कोलिओसिस म्हणत नाहीत. किशोरवयीन मुलांपैकी साधारणतः दोन ते तीन टक्क्यांत दहा अंशांहून अधिक वक्रता आढळते. सौम्य वक्रता मुलगे व मुली यांच्यात जवळपास सारख्या प्रमाणात असते. पण ती वाढत जाऊन उपचाराची गरज पडते ती प्रामुख्याने मुलींना. असे का व्हावे, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

वाढीच्या वयाचे महत्त्व

वक्रता वाढेल की जागच्या जागी राहील हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : आज कोन किती आहे, आणि हाडांची वाढ किती शिल्लक आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती मासिक पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काळात, म्हणजे बहुधा इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्षांत. मुलग्यांत हा काळ सुमारे दोन वर्षे उशिरा येतो. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला दिसणाऱ्या वाढीच्या पट्टीवरून क्ष-किरण चित्रात शिल्लक वाढीचा अंदाज बांधता येतो.

अमेरिकेत ७२७ मुलांच्या पाहणीवर आधारलेला जो अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील आकडे आजही मार्गदर्शक मानले जातात. ज्या मुलांची वाढ बरीच बाकी होती आणि वक्रता वीस ते एकोणतीस अंशांची होती, त्यांच्यापैकी ६८ टक्क्यांत ती वाढत गेली. तेवढ्याच वक्रतेच्या पण वाढ बरीचशी पूर्ण झालेल्या मुलांत हे प्रमाण २३ टक्के होते. वक्रता वीस अंशांच्या आत आणि वाढ संपत आलेली असेल, तर ती वाढल्याची उदाहरणे शेकडा दोनांहूनही कमी होती. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. अनेक मुलांना कोणत्याही उपचाराची गरज नसते. केवळ ठरावीक मुदतीने तपासणी पुरते. परंतु बारा वर्षांच्या ज्या मुलीची वक्रता पंचवीस अंश आहे, तिच्या बाबतीत पुढचे अठरा महिने निर्णायक असतात.

वाढ पूर्ण झाल्यावर तीस अंशांखालील वक्रता सहसा वाढत नाही. पन्नास अंशांपलीकडे गेलेली पाठीची वक्रता मात्र प्रौढपणीही वर्षाला सुमारे एक अंश या गतीने वाढू शकते. वक्रता फारच मोठी झाली तर छातीचा पिंजरा आखडून श्वसनावर ताण येतो. असे असले तरी या विकाराविषयी घबराट पसरविण्याचे कारण नाही. मध्यम वक्रता असलेल्या बहुसंख्य स्त्रिया शेतीची व घरची सर्व कामे करतात, नोकरी करतात, त्यांची बाळंतपणे सुखरूप होतात. मुलीचे लग्न जमणार नाही या धास्तीने पाठीचा उंचवटा ओढणीखाली झाकून ठेवणारी कुटुंबे आहेत. जे झाकून ठेवले जाते ते नेमके त्या अठरा महिन्यांत वाढते, आणि ज्या गोष्टीची धास्ती होती ती त्या झाकण्यामुळेच ओढवते.

नागपूर आणि चीनचा वैद्यकीय दुवा

सुईचा उपचार मूळ चीनचा. भारतात त्याचा प्रवेश ज्या घटनाक्रमाने झाला, त्याचा आरंभ एका अर्थाने महाराष्ट्राशी आणि नागपूरशी जोडलेला आहे. जपानी आक्रमणास तोंड देणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. सुभाषचंद्र बोस त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. पथकाचे नेते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल; कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि पाचवे नागपूरचे डॉ. चोळकर. डॉ. कोटणीस यांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निधन झाले व त्यांची कथा पुढे व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे घरोघर पोहोचली. नागपूरच्या डॉ. चोळकरांचे नाव त्या मानाने विस्मरणात गेले आहे. शहराने ते जपावयास हरकत नव्हती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे पथक शस्त्रक्रिया करण्यास व जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यास गेले होते. सुईचा उपचार शिकण्यास नव्हे. पथकातील डॉ. बसू यांनी १९५० नंतरच्या दशकात पुन्हा चीनला भेट दिली असता ही विद्या आत्मसात केली आणि कलकत्त्यास परतून तिचा प्रसार केला. पुढे डॉ. कोटणीस यांच्या नावाने स्थापन झालेल्या समित्यांच्या दवाखान्यांतून ती देशाच्या इतर भागांत गेली. पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते १९७१ मध्ये. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंग येथे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. नंतर पोटात होणाऱ्या त्रासावर त्यांना सुया टोचण्यात आल्या, आणि तो अनुभव त्यांनी आपल्या वृत्तपत्रात लिहिला. शस्त्रक्रिया नेहमीचीच भूल देऊन झाली होती. सुईने केवळ नंतरची अस्वस्थता कमी झाली. तरीही लोकांच्या तोंडी मात्र ती 'सुई टोचून केलेली शस्त्रक्रिया' झाली! दाव्यांची वाढ कशी होते याचे हे बोलके उदाहरण होय.

सुई काय करते?

चिनी शास्त्राप्रमाणे शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते व या वाहिन्यांवरील बिंदूंवर सुई टोचून तिचा प्रवाह सुरळीत करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ३६१ बिंदूंची प्रमाण नावे निश्चित केली आहेत. पाठीच्या दुखण्यात कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभ्या जाणाऱ्या 'मूत्राशय वाहिनी'वरील बिंदू, तसेच प्राचीन वैद्य हुआ तुओ यांच्या नावाने ओळखले जाणारे मणक्यांलगतचे बिंदू प्रामुख्याने वापरतात. आधुनिक शरीरशास्त्राला या वाहिन्या सापडलेल्या नाहीत. परंतु सुई टोचल्याने मज्जातंतू उत्तेजित होतात, शरीरातील वेदनाशामक द्रव्ये स्रवतात आणि आखडलेला स्नायू काही काळ सैल पडतो, हे प्रयोगांनी दाखविले गेले आहे.

जुनाट कंबरदुखीवर या उपचाराचे अनेक अभ्यास झाले आहेत. त्यांचा २०२० मध्ये घेण्यात आलेला एक विस्तृत आढावा असे सांगतो की, काहीच उपचार न करण्यापेक्षा सुईने तात्पुरता आराम पडतो. पण खोट्या, म्हणजे केवळ टोचल्याचा भास निर्माण करणाऱ्या सुईच्या तुलनेत तिचा लाभ फारसा अधिक दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यायाम व इतर उपायांच्या बरोबरीने सुईच्या उपचारासही स्थान दिलेले आहे. तज्ज्ञांत मतभेद आहेत ते हे असे. आणि ते वेदनेपुरते आहेत.

वक्रतेची गोष्ट वेगळी. वाढत्या मुलीच्या बाकात मणक्यांची हाडे व चकत्या हळूहळू पाचरीसारख्या आकाराच्या होत जातात. एक बाजू अधिक वाढते व दुसरी दबते. सुई पोहोचते ती कातडी व स्नायूपर्यंत. स्नायू सैल झाल्याने उभे राहण्याची ढब क्षणभर बदलू शकेल, पण हाडाची असमान वाढ त्याने थांबत नाही. या विषयावरचा एक छोटा अभ्यास जर्मनीत २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४ मुलींवर सुईच्या एका बैठकीचा पाठीच्या पृष्ठभागाच्या आकारावर होणारा परिणाम पाहिला गेला. एका बैठकीनंतर पाठीच्या आकारात झालेला बदल म्हणजे वर्षानुवर्षे टिकणारी सुधारणा नव्हे. वाढीच्या पूर्ण काळात सुईने वक्रता रोखली असे सिद्ध करणारा मोठा, तुलनात्मक अभ्यास उपलब्ध नाही.

'कोन कमी झाला' याचा अर्थ

असे असताना सुईने बाक कमी झाल्याचे अनुभव सांगितले जातात, त्यांचे काय? ते सांगणारे सर्व लोक खोटे बोलतात असे मानण्याचे कारण नाही. मोजमापातच काही खाचाखोचा आहेत. एकाच चित्रावरील कॉब कोन दोन जाणकारांनी मोजला तरी त्यात तीन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. चित्र काढतेवेळी मुलगी कशी उभी होती, सकाळी होती की दिवसभराच्या श्रमानंतर, यानेही आकडा बदलतो. म्हणून वक्रता 'बदलली' असे म्हणण्यासाठी तज्ज्ञ पाच अंशांहून अधिक फरकाची अपेक्षा ठेवतात. बावीस अंशांचा बाक अठरा झाला हा आनंदाचा विषय वाटतो खरा, पण प्रत्यक्षात तो तसाच राहिलेला असू शकतो. शिवाय सौम्य वक्रता काही मुलांत आपोआप कमी होते आणि बहुतेकांत आहे तेथेच थांबते. ज्या दहा मुलींचा बाक कोणत्याही उपचाराविना थांबणार होता, त्या दहाहीजणींनी सुया घेतल्या तर यश सुईच्या पदरी पडणे स्वाभाविक आहे. हाच न्याय मालिश, चुंबक-उपचार व तेलाच्या पट्ट्या यांच्याविषयीच्या अनुभवांनाही लावावयास हवा, आणि ज्या मुलींना गरज नसताना पट्टा लावला गेला त्यांच्याही बाबतीत.

कशाने वक्रता रोखता येते?

पट्ट्याचा उल्लेख वर आला. साधारणतः पंचवीस ते चाळीस अंशांची वक्रता व शिल्लक वाढ असलेल्या मुलांना छाती-कंबरेभोवती मापाचा बनविलेला कडक प्लॅस्टिकचा पट्टा वापरावयास देतात. याचा उपयोग होतो की नाही याबद्दलही एके काळी शंका होती. अमेरिका व कॅनडातील २५ संस्थांत २४२ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा ती बरीचशी फिटली. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत वक्रता पन्नास अंशांच्या आत राहण्याचे प्रमाण पट्टा वापरणाऱ्यांत ७२ टक्के, तर केवळ देखरेखीखाली असलेल्यांत ४८ टक्के आढळले. जी मुले रोज सरासरी तेरा तास वा अधिक वेळ पट्टा वापरीत, त्यांच्यात यशाचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. पट्ट्याने बाक नाहीसा होत नाही, तो वाढावयाचा थांबतो, हे पालकांना आधीच स्पष्ट करून सांगितलेले बरे.

विदर्भाच्या हवेत ही गोष्ट सोपी नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी घट्ट प्लॅस्टिकचा पट्टा अंगावर बाळगणे हा मुलीच्या सहनशीलतेचा कस असतो. आतून शिवण नसलेला सुती बनियन, दिवसातून दोनदा कातडी कोरडी करणे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने संध्याकाळ-रात्रीचे तास अधिक धरून वेळापत्रक आखणे, या उपायांनी ती सुसह्य होते. शाळेने अशा मुलीस पंख्याखालील जागा द्यावी, कवायतीच्या तासाला पट्टा काढून ठेवण्यासाठी आडोसा द्यावा, आणि वर्गात चेष्टा होणार नाही हे पाहावे. पट्टा सोडून देण्याचे कारण पुष्कळदा उकाडा नसून वर्गातील हशा हे असते.

विशिष्ट व्यायामांचाही उपयोग होतो. जर्मनीतील कॅथरीना श्रोथ यांनी १९२० नंतर विकसित केलेली श्वसन व आसनस्थितीवर आधारलेली पद्धत आज अनेक देशांत वापरात आहे. प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ती पट्ट्याच्या जोडीने करावयाची असते. वक्रता पंचेचाळीस-पन्नास अंशांपलीकडे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत मणक्यांत स्क्रू बसवून सळयांच्या आधाराने कणा शक्य तितका सरळ केला जातो व त्या भागातील मणके एकमेकांशी जुळवून टाकतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती टाळता आली तर उत्तम, आणि वेळेवर लावलेल्या पट्ट्याचा खरा हेतू तोच असतो.

सुईला जागा कोठे?

प्रौढांत, विशेषतः साठीनंतर, चकत्या झिजल्याने कण्यास बाक येतो व कंबर दुखते. अशा रुग्णास व्यायाम व औषधांच्या जोडीला सुईने थोडा आराम मिळत असेल तर तो घेण्यास प्रत्यवाय नाही. किशोरवयीन मुलीसही पाठ दुखत असल्यास, अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासणी केल्यानंतर आणि पट्टा व नियमित तपासणी चालू ठेवून, वेदनेपुरता हा उपचार घेता येईल. अट एवढीच की तो मूळ उपचाराच्या जागी येऊन बसू नये.

मुळात या विकारात मुलांची पाठ फारशी दुखत नाही, आणि म्हणूनच तो उशिरा लक्षात येतो. तीव्र वेदना, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, ताप, वजन घटणे, पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरील ताबा जाणे, अशी लक्षणे असतील तर तो साधा स्कोलिओसिस नाही असे समजून तत्काळ रुग्णालयात न्यावे. मागे सांगितलेला मणक्याचा क्षय, मज्जारज्जूवरील दाब, गाठ अशी कारणे त्यामागे असू शकतात. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्यामुळे हाडे व पाठ वारंवार दुखणाऱ्या मुलाची रक्ततपासणीही व्हावयास हवी. पाठीच्या वरच्या भागातील बाक सहसा उजवीकडे असतो. तो डावीकडे असल्यास तज्ज्ञ मज्जारज्जूची अधिक तपासणी करवून घेतात. असे दुखणे सुईने दडपले गेले तर निदान लांबते.

सुई बारीक असली तरी ती निरुपद्रवी नव्हे. सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असली पाहिजे. अन्यथा काविळीसारखे रोग पसरू शकतात. छातीच्या मागील भागात सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. वक्रता असलेल्या मुलीच्या बरगड्या फिरलेल्या असतात व शरीर बहुधा सडपातळ असते. त्यामुळे नेहमीच्या अंदाजाने टोचलेली सुई तिच्या बाबतीत धोक्याची ठरू शकते. रक्त न गोठण्याचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी हे आधी सांगावयास हवे.

गावात उपचार-शिबिरासाठी समाजमंदिर वा शाळेची खोली मागितली जाते तेव्हा ग्रामपंचायतीने आयोजकांकडून चिकित्सकाचे परिषदेकडील नोंदणी प्रमाणपत्र पाहावे आणि नोंदणी क्रमांक ठरावात नमूद करावा. वापरलेल्या सुया कोठे टाकल्या जाणार, याची लेखी व्यवस्था मागावी. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. 'इतक्या बैठकांत कणा सरळ' अशी हमी देणारी जाहिरात पंचायतीच्या फलकावर लावू देऊ नये. जबाबदार चिकित्सक क्ष-किरण चित्र मागतो, पट्टा सोडण्यास सांगत नाही व अंशांची हमी देत नाही. ज्यांनी नियमपूर्वक शिक्षण घेऊन नोंदणी केली, त्या चिकित्सकांच्याही हिताचीच ही चौकशी आहे.

शाळेत काय पाहावे?

लंडनचे शल्यविशारद विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी तपासणी १८६५ पासून चालत आलेली आहे. तिला उपकरण लागत नाही. मुलीने पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात एकत्र करून कमरेतून पुढे वाकावे. तपासणाऱ्याने मागे बसून नजर पाठीच्या पातळीवर आणावी. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर तज्ज्ञांकडे पाठवावे. उंचवट्याचा कल मोजणारे छोटे साधन मिळते; त्यावर सात अंशांहून अधिक कल दिसल्यास पाठविण्याची शिफारस सामान्यतः केली जाते. हा कल व कॉब कोन एक नव्हेत. मुलींची तपासणी शिक्षिकेने किंवा परिचारिकेने, पालकांच्या संमतीने व आडोशाला करावी.

सर्व शाळांतून सरसकट अशी तपासणी करावी की नाही, याविषयी जगात एकमत नाही. त्यामुळे गरज नसलेली पुष्कळ मुले रुग्णालयात जातात व विनाकारण क्ष-किरण घेतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या मुलीचा एक खांदा वर दिसतो, गणवेशाची किनार एका बाजूस उचललेली राहते किंवा वेणी पाठीच्या मध्यावर पडत नाही, तिला वाकावयास सांगण्यास कोणत्याही मोहिमेची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत, जो २०१३ पासून सुरू आहे, वैद्यकीय पथक शाळेत येते. त्या पथकाचा भर जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब यांवर असतो. अशा मुलीचे नाव शिक्षिकेने आधीच लिहून ठेवले तर पथकाचे लक्ष तिच्या पाठीकडे निश्चित जाईल. रामटेक, उमरेड वा काटोलहून अशा मुलीस नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मेयोच्या किंवा मिहान येथील एम्सच्या अस्थिरोग विभागात पाठविता येते. खर्चाच्या प्रश्नासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे रुग्णालयातच चौकशी करावी.

सोबतच्या चिठ्ठीत मुलीचे वय, मागील वर्षीची व आताची उंची, पाळी सुरू झाली असल्यास त्याचा महिना, आणि घरात आणखी कोणास असा बाक आहे का, एवढे लिहिले तरी तज्ज्ञांचे निम्मे काम होते. क्ष-किरण चित्र उभे राहून, पूर्ण कण्याचे व शक्यतो पाठीमागून किरण सोडून घेतलेले असावे. त्यामुळे वाढत्या वयातील छातीवर किरणांचा मारा कमी होतो. हे पहिले चित्र घरी जपून ठेवावे व दर चार ते सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीस बरोबर न्यावे. ते हरवले तर बाक वाढला की थांबला हे ठरविण्यासाठी आणखी सहा महिने थांबावे लागते.